मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लेझरही झालं, पण डोळ्यापुढच्या माश्या काही जात नाहीत

संत्राबाग_वरूड
राम राम मंडळी. प्रश्न बाबांचा आहे. वय ७१. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, भिंग बसवलं, नजर मस्त आली होती. यंदा उन्हाळ्यात पुन्हा धुरकट दिसायला लागलं. "भिंगामागे जाळी धरली" म्हणून जूनमध्ये लेझर केलं. पाच मिनिटांचं काम, ना सुई ना पट्टी. धुरकटपणा गेला, पण तेव्हापासून डोळ्यापुढे काळे ठिपके, एक लांब धागा आणि एक गोल कडी फिरत राहते.

परवा संत्र्याच्या बागेतून आले आणि म्हणाले, "कोळशी येऊन राहिली, पानापानावर माशी हाये, फवारणी काढ." (कोळशी म्हणजे माशीमुळे पानं काळी पडायचा रोग.) मी पंप भरून गेलो. पानं उलटून उलटून पाहिली, एक माशी नाही. तोवर बाबा मागून येऊन आभाळाकडे पाहत उभे. म्हणे, "अरे, माशी तं इथंबी हाये."

हसू नका, मीही हसलो नाही (म्हणजे त्यांच्यासमोर नाही). डॉक्टरांना विचारलं तर एकच वाक्य, "होतं असं, सवय करून घ्या." आता पेपर वाचणं सोडलंय, आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नकोच म्हणतात. सवय करून घ्या म्हणजे करायचं काय नेमकं? कोणी केली असेल तर सांगा. बाटल्या सुचवू नका, घरात तीन आहेत.

पराटीवाला
भाऊ, बाबाले सांग, या माशीवर फवारा नाई. माह्या डोयात हायेत कितीक वर्षांपासून, अन् मले तं मोतीबिंदू बी नाई. कापूस वेचाले गेलो का पांढऱ्या बोंडावर नाचतेत. आभाय पाह्यलं का नाचतेत. घरात अंधारात एक दिसत नाई. मी काय करतो, डोया वर-खाली दोन डाव फिरवतो, ते लेकाचं बाजूले सरकते, तेवढ्यात वाचून घेतो. तिकडं ध्यान देलं का जास्त दिसते. नाई देलं का हाये-नाई सारखंच.

सावजी_रस्सा
कोळशीवाली गोठ एक नंबर 😂 कृषी सहायकाला बोलावलं नाही हे नशीब.

बाकी सवय वगैरे सब झूट. इलाज आहे. माझ्या मामांनी मोठ्या शहरात जाऊन त्या ठिपक्यांवरच लेझर मारून घेतलं. एकदम क्लीन. पैसे लागतात, पण डोळा आहे, बैल नाही की एक गेला तर दुसरा आणू.

निवृत्त_मास्तर
माझे दोन्ही डोळे झाले आहेत आणि दोन्हींत हे पाहुणे आहेत, म्हणून अधिकाराने लिहितो.

पहिला उन्हाळा मला फार जड गेला. फळ्यापुढे आयुष्य काढलेला माणूस मी, पांढऱ्या कागदावर काळा ठिपका दिसला की हात आपोआप पुसायला जायचा. चिडचिड व्हायची. हिने शेवटी सांगितलं, आता त्या ठिपक्यांचं नाव या घरात काढायचं नाही. ते लागू पडलं असावं.

व्यवहारात मी एवढंच करतो. खिडकीकडे तोंड करून वाचत नाही, पाठ करून बसतो, उजेड मागून कागदावर येतो. मोबाईलचा पडदा काळा आणि अक्षरं पांढरी करून घेतली, नातवाने करून दिली. बाहेर पडताना टोपी आणि गॉगल. गॉगल फार काळा नको, त्यात खड्डा दिसत नाही. आणि सकाळी अंगणात बसून आभाळात ठिपके मोजायची सवय लागली होती ती मोडली. हे मोजणंच वाईट. रोज हजेरी घेतली तर ते रोज हजर राहणार.

माझी आई आठवते. तिचं ऑपरेशन ८० च्या दशकात शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या शिबिरात झालं. टाके घातलेले, कित्येक दिवस डोक्याजवळ वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. भिंग वगैरे काही बसवलं नाही, नंतर जाड काचेचा चष्मा. त्या चष्म्यातून तिला पायरी असायची एकीकडे आणि दिसायची दुसरीकडे. डोळ्यात भिंग बसवायला तर १९४९ साली लंडनमध्ये सुरुवात झाली होती. हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरने महायुद्धात पाहिलं की विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात राहिले तरी डोळा ते सहन करतो. मग त्याच प्लास्टिकचं भिंग केलं. आमच्या गावच्या शिबिरापर्यंत यायला त्याला इतकी वर्षं लागली, की आई ते न बघताच गेली.

विषयांतर झालं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

सावजी_रस्सा
मास्तर, तुम्ही विषयांतर केलं नाही तर आम्हाला चुकल्यासारखं वाटतं.

धुऱ्यावरून
आमच्याकडे नंद्यावटीच्या फुलाचा रस आणि गावठी मध घालतात. आजोबांना फरक पडला होता. करून पाहायला काय हरकत आहे, नैसर्गिकच आहे.

डोळे_तपासणारा
@धुऱ्यावरून, हरकत आहे. मोठी आहे. हे कण डोळ्याच्या आत, मागच्या पोकळीत असतात. वरून घातलेला थेंब तिथपर्यंत जातच नाही, मग तो मध असो की मेडिकलमधली महागडी बाटली. उलट ऑपरेशन झालेल्या डोळ्यात असलं काही घातलं आणि जंतुसंसर्ग झाला तर नजर जाते. माझ्या ओपीडीत मध घातलेले डोळे येतात, त्यावर विनोद सुचत नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण संत्राबाग यांचा प्रश्न आमच्याकडे जवळपास प्रत्येक आठवड्यात येतो.

ऑपरेशनात गढूळ झालेलं भिंग काढतात, पण त्याची पातळ पिशवी ठेवतात, कारण नवं भिंग तिच्यातच बसवायचं असतं. त्या पिशवीच्या मागच्या भागावर उरलेल्या पेशी पसरतात आणि पुन्हा धुरकट दिसतं. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येऊ शकत नाही, ज्याला यायचा ते भिंगच डोळ्यात नाही. याग नावाच्या लेझरने त्या पिशवीला मधोमध भोक पाडतात, उजेड सरळ आत जातो. भोक पाडताना सुटलेले बारीक कण काही दिवस, काही आठवडे तरंगतात. मग खाली बसतात किंवा विरतात.

धागा आणि कडी मात्र वेगळ्या खात्यातली. डोळ्याच्या मागच्या पोकळीत साधारण ४ मिलिलीटर गर असतो, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, आणि त्यात ९८-९९ टक्के पाणीच. वय झालं की तो पातळ होतो, आकसतो आणि एके दिवशी मागच्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटतो. साठी उलटलेल्या बहुतेकांना हे कधी ना कधी होतंच. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात लवकर होतं, कारण ४-५ मिलिमीटर जाडीचं भिंग जाऊन त्या जागी एक मिलिमीटरच्या आसपासचं येतं. गराला पुढे सरकायला जागा मिळते. सुटताना डोळ्याच्या नसेच्या तोंडाभोवती चिकटलेला भाग गोल निघतो. बाबांची कडी बहुधा तीच. आणि आपल्याला दिसते ती त्या कणांची पडद्यावर पडलेली सावली. म्हणून उजेडात जास्त, अंधारात नाही. पराटीवाले भाऊंनी बोंडाचं सांगितलं ते अगदी बरोबर आहे.

अजून एक. काही कण आधीपासूनच असतात, पण जाळीच्या धुरकटपणात दिसत नसतात. जाळी गेली, की दिसायला लागतात. लेझरने आणले असं वाटतं.

आता मला सांगा. लेझरनंतर थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा कोणी पाहिला का? बाबांना डोळ्याच्या कडेला, विशेषतः अंधारात, उजेड चमकल्यासारखा दिसतो का? ठिपके हळूहळू वाढले की एखाद्या दिवशी एकदम मुठीभर आले? एका बाजूने सावली किंवा काळा पडदा सरकतोय असं वाटतं का? बाबांनाच विचारा, एकेक डोळा झाकून. आपल्याकडची म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत.

वर्धेची_सून
वरचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

माझ्या सासूबाईंना शुगर आहे, जुनी. त्यांनाही धागे दिसायला लागले होते. त्या म्हणायच्या, डोळ्यात काजळी उतरल्यासारखं वाटतं. आमच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात दाखवलं, तिथे बॅटरी मारून पाहिलं आणि "म्हातारपणी होतंच" म्हणून चष्म्याचा नंबर लिहून दिला. बाहुली मोठी केली नाही. पुढे नजर लालसर-काळी झाली, तेव्हा सेवाग्रामला नेलं. तिथे कळलं की ते ठिपके नव्हते, रक्त होतं. शुगरमुळे पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या फुटतात.

मग त्यांनाही लेझरच केलं. पण ते लेझर वेगळं, मागच्या पडद्यावर, पुन्हा पुन्हा बोलावून. गावात सगळ्यांना वाटतं लेझर म्हणजे एकच. शेजारच्या काकूंनी त्यांना ऐकवलं, "माझं तर एका बैठकीत झालं, तुम्हाला लुटतायत." सासूबाई पुढच्या तारखेला जायला तयार होईनात. समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

तुमच्या बाबांना शुगर आहे का ते लिहिलं नाहीत.

संत्राबाग_वरूड
ताई, शुगर नाही, बीपी आहे. मागचा पडदा लेझरच्या आधी पाहिला होता, नंतर नाही.

आणि तपासणारा भाऊ, तुमचे प्रश्न वाचून आत्ता बाबांना विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "हो, रात्री गोठ्यात जातो तवा कोपऱ्यात ईज चमकते. मले वाटलं पाऊस येते." किती दिवसांपासून? "झाले की."

झाले की!!

डोळे_तपासणारा
इथलं वाचणं थांबवा आणि उद्या सकाळी निघा. घाबरवत नाही. गर पडद्याला ओढतो तेव्हा पडद्याला उजेड कळतो, एवढाच त्या विजेचा अर्थ, आणि बहुतेकांचं तिथेच संपतं. पण काही जणांत त्या ओढीने पडद्याला चीर पडते. नुसती चीर असेल तर तिच्याभोवती लेझर करून बसल्या जागी बंद करता येते. चिरेतून पाणी पडद्याखाली गेलं की पडदा सुटतो, मग मोठं ऑपरेशन. मधला भाग सुटायच्या आत पोचलं तर नजर वाचायची शक्यता खूप जास्त. लेझर झालेल्या डोळ्यात हा धोका थोडा आहे, आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांना जास्त.

आमच्यासारख्या ठिकाणी हे पूर्ण दिसत नाही. डोक्याला दिवा लावून पडद्याच्या कडेपर्यंत पाहणारा डॉक्टर लागतो. नागपूरला मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. अमरावतीला रेटिना पाहणारे खासगी डॉक्टर आहेत. सोईचं पडेल तिथे जा.

आज रात्रीत नजरेपुढे काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं तर सकाळचीही वाट पाहू नका.

लालपरी
नागपूरला जात असाल तर पहिली गाडी पकडा, ओपीडीचा कागद काढायला रांग असते. बाबांचं आधार घ्या, ६५ ते ७५ ला एसटीत अर्धं तिकीट आहे (७५ च्या वर फुकट, म्हणून आमचे आबाजी उगाच अकोल्याला जाऊन येतात). आणि मोटरसायकलने अजिबात जाऊ नका. थेंब घातले की चार-सहा तास सगळं भुरकट दिसतं, ऊन सहन होत नाही. गॉगल, टोपी सोबत. डबा पण न्या, बाहुली मोठी व्हायलाच वेळ जातो.

सावजी_रस्सा
शुभेच्छा भाऊ. कळवा.

तोवर तपासणारा भाऊंना विचारतो, माझ्या मामांच्या लेझरबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. की सरकारी माणसाला खासगी लेझर चालत नाही? 😄

डोळे_तपासणारा
चालतं की. बोललो नाही कारण आधी वीज महत्त्वाची होती. ठिपका फोडायचं लेझर आहे, यागचंच. एकच मोठी कडी असेल, भिंगापासून आणि पडद्यापासून लांब असेल, तर काहींना आराम पडतो. बारीक बारीक ठिपके विखुरलेले असतील तर मारणार कुठे? सगळे डॉक्टर ते करत नाहीत, आणि ते किती उपयोगी आहे यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. मामांना फरक पडला, चांगलं झालं. पण "इलाज आहे" हे सरसकट नाही.

निवृत्त_मास्तर
आणि तो गरच काढून टाकायचा एक प्रकार असतो ना? माझ्या एका सहकाऱ्याने केला. मला विचाराल तर ठिपक्यासाठी डोळ्याला तीन भोकं पाडणं हे अतीच.

वर्धेची_सून
मास्तर, अती कोणाला, ते ज्याचा डोळा त्याने ठरवावं. सासूबाईंचं रक्त आपोआप विरलं नाही, तेव्हा शेवटी गर काढूनच नजर आली. त्याच आता सुईत दोरा ओवतात. तुम्हाला फळा नाही लिहायचा आता. पण ट्रक चालवणाऱ्याच्या डोळ्यापुढे मधोमध ढग फिरत असेल तर तो काय टोपी घालून बसेल?

निवृत्त_मास्तर
रक्त असेल तर गोष्ट वेगळी, ते मान्य. नुसत्या ठिपक्यांबद्दल माझं मत कायम आहे.

डोळे_तपासणारा
दोघांचंही बरोबर धरता येईल. गर काढला की ठिपके खरंच जातात, त्या जागी पाणी भरतात. पण चीर, संसर्ग, रक्तस्राव हे धोके त्यातही आहेत. म्हणून नुसत्या ठिपक्यांसाठी डॉक्टर आधी काही महिने थांबायला सांगतात. बहुतेकांचा मेंदू तोवर त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, कण खालीही सरकतात. ज्यांचं काम अडतं, ते मग विचार करतात.

पराटीवाला
मंग मी कायचा डॉक्टर हो, हेच तं मी पयलेच सांगतलं होतं. ध्यान देऊ नका म्हनून.

वर्धेची_सून
भाऊ, पण आधी एकदा पडदा तपासून मग ध्यान देऊ नका. तुमचाही तपासला नाही वाटतं?

पराटीवाला
...

लालपरी
पकडला गेला 😀

संत्राबाग_वरूड
मंडळी, आलो नागपूरहून. आधी मुख्य गोष्ट: चीर नाही. गर सुटला आहे, वीज त्याचीच, कडी पण तीच जी तपासणारा भाऊंनी सांगितली होती. डॉक्टर बाईंनी डोक्याला दिवा लावून, बाबांना वर-खाली-डावीकडे बघायला लावून कडेपर्यंत पाहिलं. एका महिन्याने परत बोलावलं आहे, कारण चीर कधी कधी नंतर पडते. तोवर वीज वाढली, ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा काळा पडदा दिसला तर त्याच दिवशी यायचं.

बाईंनी कागदावर डोळा काढून बाबांना दाखवला. कडी कुठे आहे, तिची सावली कुठे पडते. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि बसमध्ये शेजारच्या माणसाला समजावून सांगितला. त्या माणसाने विचारलं नव्हतं.

सावजी_रस्सा
म्हणजे दिवस मोडला, मजुरी बुडाली, आणि निघालं काहीच नाही. हेच ते पहिले डॉक्टर एका वाक्यात बोलले होते.

वर्धेची_सून
"काहीच नाही" हे कळण्यासाठीच जायचं असतं हो. आणि पहिल्यांनी न पाहता सांगितलं होतं, यांनी पाहून सांगितलं.

संत्राबाग_वरूड
@सावजी, खरं सांगू? बाबांमध्ये फरक पडला तो यानेच. ठिपके तेवढेच आहेत. पण आपण आंधळे होणार ही भीती मनात धरून बसले होते, बोलत नव्हते. आज पेपर हातात घेतला, खिडकीकडे पाठ करून (मास्तर, धन्यवाद). पराटीवाल्या भाऊंचा वर-खालीचा प्रयोग पण करतात. आई म्हणते मान डोलावल्यासारखं दिसतं, लोकांना वाटेल कीर्तन ऐकून राहिले.

आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. डावा डोळा. त्यात मोतीबिंदू आहेच. करावा की नाही?

धुऱ्यावरून
मी तर म्हणतो पिकू द्या अजून. आमच्याकडे पूर्ण पिकल्यावरच काढायचे.

डोळे_तपासणारा
पिकू द्यायचा जमाना गेला. पूर्ण पिकला की तो कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, कधी डोळ्याचा दाबही वाढतो. कामाला अडचण होत असेल तर करायचा, हा आताचा हिशोब. पण घाई नाही. उजव्या डोळ्याची महिन्याची तपासणी होऊ द्या. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा की डाव्या डोळ्यातही कधीतरी ठिपके येतील, ऑपरेशन केलं तरी आणि नाही केलं तरी. माहीत असलं की माणूस दचकत नाही.

संत्राबाग_वरूड
सांगितलं. बाबांचं उत्तर: "आंबिया तुटू दे, मग पाहू." म्हणजे संत्र्याचा आंबिया बहार निघाल्यावर, डिसेंबर.

डोळे_तपासणारा
डिसेंबर उत्तम, घाम कमी. फक्त त्यानंतर महिनाभर गोठा, कुटार, फवारणी, धूळ सगळं बंद. डोळ्यात कचरा नको, जड उचलणं नको. हे त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.

पराटीवाला
फवारणीचं मी पाहून घेतो भाऊ, डिसेंबरात माह्या वावरात तशीबी वेचणीच राह्यते. पंप कोनता हाये तुमचा, बॅटरीवाला का पाठीवरचा पेट्रोलचा? अन् ताई, मी शुक्रवारी अमरावतीले चाललो, डोया दाखवतो.